आडवं झाड

दरवर्षी जून उजाडला की हापिसात एक मेल येतो. विषय ठरलेला, वृक्षारोपण. शनिवारी सकाळी सातला बस, कंपनीचा टी-शर्ट, नाश्त्याला पोहे आणि पुण्याबाहेरच्या कुठल्यातरी टेकडीवर माणशी पाच रोपं. खड्डे आधीच जेसीबीने काढून ठेवलेले असतात. आपण फक्त रोप ठेवायचं, माती लोटायची आणि फोटो काढायचा. संध्याकाळी घरी येऊन बूट धुताना बरं वाटतं हे खरं. मी दोनदा गेलोय, मजा येते.

माझी तक्रार त्या मेलमधल्या एकाच वाक्याबद्दल आहे: "चला, एका दिवसात जंगल उभं करूया!" एका दिवसात बाग होईल, फार तर वनीकरण होईल. जंगल कसं होईल? हा विषय मी एकदा जेवणाच्या टेबलावर काढला तर एक मित्र म्हणाला, "अरे, झाडं वाढली की झालंच ना जंगल. वीस वर्षं थांब की." प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधं नव्हतं. गेले दोन पावसाळे मी त्या उत्तराच्या मागे आहे. या विकांताला लिहून काढतो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवात घरापासून करू. मी साताऱ्याचा, त्यामुळे पाहुण्यांना महाबळेश्वर दाखवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. पाहुणे पॉइंट बघतात, कणीस खातात, स्ट्रॉबेरी क्रीम खातात आणि जंगलाकडे बघून जरा हिरमुसतात. "एवढीशीच झाडं?" त्यांच्या डोक्यात जंगल म्हणजे टीव्हीवरचं, मान मोडेपर्यंत उंच. इथे अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, सगळी बुटकी, वाकडी, एकमेकांत अडकलेली, अंगावर शेवाळ घेऊन उभी. काही ठिकाणी हा बुटकेपणा पिढ्यान्‌पिढ्या सरपणासाठी झालेल्या तोडीचा आहे. पण बराचसा जागेचा आहे. वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, समुद्रावरून थेट अंगावर येणारा वारा आणि पायाखाली जांभ्या दगडावर जेमतेम माती. असल्या जागी उंच वाढणारं झाड पहिल्याच वादळात जातं. म्हणून उंचीवरून जंगलाचं वय सांगायला गेलात तर फसगत ठरलेली.

मग वय ओळखायचं कसं? शाळेत शिकवलं होतं, खोडातली वर्तुळं मोजा. ते थंड देशांत छान चालतं, कारण हिवाळ्यात झाडाची वाढ थांबते आणि वर्षाला एक रेघ उमटते. आपल्याकडे सागात वर्तुळं बऱ्यापैकी दिसतात. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वर्तुळांवरून जुन्या काळच्या पावसाचा अंदाजही बांधलाय. पण अंजनीसारख्या सदाहरित झाडांत अशी रेघ भरवशाची नसते. तेव्हा उरतो एकच मार्ग, आणि तो आपल्या क्षेत्रातल्या लोकांना आवडेल असा आहे. प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, घेर मोजायचा, नकाशावर टिंब काढायचं आणि काही वर्षांनी परत येऊन तेच करायचं.

हा उद्योग जगात बऱ्याच ठिकाणी चालू आहे. पनामात बारो कोलोराडो नावाच्या बेटावर १९८० साली ५० हेक्टरचा एक तुकडा आखला गेला. त्यात १ सेंटिमीटरपेक्षा जाड असलेलं प्रत्येक खोड मोजलं, म्हणजे पेन्सिलीपेक्षा थोडी जाड झुडपंसुद्धा! दोन लाखांच्या वर खोडं भरली. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ साली तामिळनाडूतल्या मुदुमलैला असाच ५० हेक्टरचा तुकडा घेतला. कोडगूमधल्या उप्पंगळाच्या सदाहरित जंगलात पाँडिचेरीची फ्रेंच इन्स्टिट्यूट १९९० च्या आसपासपासून झाडं मोजतेय. आणि झेक प्रजासत्ताकात झोफिन नावाचं एक जंगल आहे, ते तिथल्या बुकॉय नावाच्या जमीनदाराने १८३८ सालीच 'इथे कुऱ्हाड चालणार नाही' म्हणून राखून ठेवलं. तिथे १९७५ साली सगळी मोठी झाडं नकाशावर घेतली गेली आणि नंतर पुन्हा पुन्हा मोजली गेली.

या सगळ्या मोजण्यांतून एक मजेशीर गोष्ट समोर येते. बाहेरून जंगल अगदी निवांत, बदल म्हणून नाही. आत मात्र सतत ये-जा. साधारण शंभर झाडांमागे एखाद-दुसरं झाड दरवर्षी मरतं. हिशेब करा, शंभर वर्षांत बहुतेक गर्दी बदलून जाते. पणजोबांनी पाहिलेलं जंगल आणि आपण पाहतो ते जंगल दिसायला तेच, पण त्यातली निम्म्याहून जास्त झाडं वेगळी. मग 'जुनं जंगल' म्हणतो तेव्हा नक्की जुनं काय असतं? झाडं तर बदलली. टिकून राहते ती खालची जमीन. आणि तीसुद्धा जागच्या जागी पडून राहिलेली नसते.

इथून खरी गंमत सुरू होते.

झाड तीन प्रकारे मरतं. उभ्या उभ्या वाळतं, खोडातून मोडतं, किंवा मुळासकट उन्मळून पडतं. पनामातल्या बेटावर पडलेल्या झाडांचा हिशेब केला तेव्हा सुमारे ७० टक्के झाडं खोडात मोडलेली आणि पाव भाग मुळासकट उपटलेली निघाली. मोडलेलं झाड वरून उजेड देतं, जमिनीला फारसं काही करत नाही. उन्मळलेलं झाड मात्र जमीन उलथतं. मुळांच्या जाळ्यात अडकलेली काही टन माती भिंतीसारखी उभी राहते, मागे खड्डा पडतो. मुळं कुजली की ती माती खड्ड्याच्या काठावर ढासळते आणि तिथे उंचवटा तयार होतो. खालचा मुरूम वर, वरचा काळा पाचोळा खाली. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचं तर ही जंगलाची नांगरट, फक्त एका वेळी एका खोलीएवढ्या जागेची.

खड्डा आणि उंचवटा, हे दोन शेजारी पुढे वेगवेगळे संसार थाटतात. खड्ड्यात पाणी साठतं, पाचोळा साचतो, ओल टिकते. उंचवटा लवकर सुकतो, ऊन खातो आणि त्यावर पाचोळ्याचा थर बसत नसल्याने बारीक बियांच्या रोपांना डोकं वर काढता येतं. फ्रान्सिस पुट्झ या शास्त्रज्ञाने १९८३ साली त्याच पनामाच्या बेटावरचं काम छापलं. उजेडात झपाट्याने वाढणाऱ्या झाडांच्या बिया जमिनीत पुरून पडलेल्या असतात. माती उलथली की त्या वर येतात आणि रुजतात. म्हणजे झाड पडतं तेव्हा जागा रिकामी होते, उजेड येतो आणि बियाणं पेरलंही जातं.

हे खड्डे-उंचवटे किती टिकतात? झोफिनच्या जंगलात पावेल शामोनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. उंचवट्यावर उगवलेल्या झाडाची वर्तुळं मोजायची, गाडल्या गेलेल्या कोळशाचं वय कार्बनवरून काढायचं. काही उंचवटे हजार वर्षांपेक्षा जुने निघाले. ज्या झाडाने तो खड्डा पाडला ते झाड पडलं तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज सोडा, यादवही देवगिरीवर स्थिरावले नव्हते. झाड कुजून नाहीसं झालं, त्याच्या जागी उगवलेली झाडं गेली, त्यांची पुढची पिढी गेली, पण जमिनीवरचा तो फुगवटा अजून आहे. जानेवारी २००७ मध्ये किरिल नावाचं वादळ युरोपवरून गेलं तेव्हा झोफिनमध्येही भरपूर झाडं उन्मळली. तिथे कोणी साफसफाई केली नाही. नवे खड्डे जुन्यांत मिसळले, एवढंच.

आपल्याकडे एवढे जुने उंचवटे सापडतील अशी आशा धरू नका. उष्ण प्रदेशात ते फार लवकर झिजतात, आणि सह्याद्रीच्या पावसापुढे उघड्या मातीचा टिकाव कसा लागणार? पण प्रक्रिया तीच. आणि ती मी डोळ्यांनी पाहिलीय, म्हणून तर हा लेख.

माझं आजोळ शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात. सांगली जिल्हा म्हटलं की लोकांना हळद, द्राक्षं आणि दुष्काळ आठवतो, पण त्याच जिल्ह्याचं हे पश्चिमेचं टोक थेट चांदोलीच्या जंगलाला टेकतं. गावाच्या वर ओढ्याकाठी भैरोबाची राई आहे, असेल तीनेक एकर. आत जांभूळ, हिरडा, अंजनी, आंबा, आणि माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल. राईतलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं उचलायचं नाही, पाचोळासुद्धा न्यायचा नाही, असा जुना दंडक. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया फिरून पाहिल्या, त्यावर लिहिलं. त्यातून शहरातल्या लोकांना पहिल्यांदा जाणवलं की ही अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. आजूबाजूचा डोंगर उघडा झाला तरी मूळ जंगलाचा नमुना या तुकड्यांत शिल्लक आहे.

तर, ऑगस्ट २०२४ मध्ये या राईतली एक मोठी जांभळ आडवी झाली. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता, जमीन लोण्यासारखी झालेली, एका रात्री वारा सुटला आणि गेली. मी पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा मुळांची भिंत माझ्यापेक्षा उंच उभी होती. तांबडी माती, तिच्यात अडकलेले दगड, लोंबणारी मुळं. मागच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. वर बघितलं तर आभाळाला भगदाड. आयुष्यात कधी ऊन न पाहिलेल्या जमिनीवर लख्ख उजेड पडला होता.

मामांना विचारलं, एवढं लाकूड, काय करणार याचं?

"काय करायचंय? देवाचं झाड हाय ते. पडलं म्हनून काय झालं? ऱ्हाऊ दे तिथंच. उद्या म्या पडलो तर मला लगेच उचलून इकनार हाईस का?"

यावर काय बोलणार!

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी गेलो की मी तिथे चक्कर मारतो. दिवाळीत खड्ड्यात पाचोळ्याचा जाड थर आणि त्याखाली खेकड्याची बिळं. मातीच्या ढिगाऱ्यावर दिंड्याची रोपं, चांदाड्याची रोपं, काही मला न ओळखणारी. पुढच्या पावसात खड्ड्यात बेडकांची शाळा भरलेली. खोडाच्या खालच्या बाजूला वाळवीने मातीचे बोगदे काढलेले, वरच्या बाजूला कानाएवढ्या अळंब्या. आणि सगळ्यात भारी म्हणजे, जांभळ मेलीच नव्हती. एका बाजूची मुळं अजून जमिनीत होती, आणि आडव्या खोडातून चार फुटवे सरळ वर निघाले होते. आज ते माझ्या छातीला लागतात. पन्नास वर्षांनी कोणी पाहिलं तर त्याला एका ओळीत उभ्या चार जांभळी दिसतील आणि कळणार नाही की ओळ कोणी लावली.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. वीस वर्षं थांबलं की लागवडीचं जंगल होतं का?

याचं सगळ्यात धक्कादायक उत्तर फ्रान्समधून आलंय. ईशान्य फ्रान्समध्ये तुइले नावाच्या गावाजवळ एक जंगल आहे. दिसायला जुनं, घनदाट. त्याच्या खाली रोमन काळातल्या शेतीच्या खुणा सापडल्या. ती शेती दीड-दोनशे वर्षं चालली आणि मग सोडून दिली गेली. पुढे जंगल वाढलं. २००२ साली द्युपुए आणि सहकाऱ्यांनी तिथली माती आणि झाडोरा तपासला. जिथे रोमन लोकांनी जास्त जोरात शेती केली होती, तिथली माती आजही वेगळी, तिथे उगवणाऱ्या वनस्पतीही वेगळ्या. जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर! झाडं आली, मोठी झाली, मेली, परत आली, पण जमीन नांगर विसरली नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातले जंगलाचे जाणकार तर पायाखाली बघूनच ओळखतात. जंगलातली जमीन उंचसखल असेल तर इथे कधी नांगर फिरलेला नाही, आणि सपाट असेल तर हे कधीकाळी शेत होतं.

हे वाचल्यावर मी चांदोलीत वेगळ्या नजरेने फिरलो. चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली कोयनेबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. आत गावं होती. गोठणे, झोळंबी अशी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. ती उठवली गेली, आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळले. त्या माणसांची किंमत चुकती न करता नुसतं 'वा, काय जंगल' म्हणणं मला जमत नाही. पण जमिनीपुरतं बोलायचं तर ती गावं आजही तिथे आहेत. घरांची जोती दिसतात, अंगणातला आंबा-फणस दिसतो आणि उतारावर ताली दिसतात, नाचणीच्या शेतांच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर आज गवत आहे, गवे चरतात, कडेकडेने झुडपं आत सरकताहेत. पण थोडं पलीकडे, जिथे कधी शेत नव्हतं त्या घळीत शिरलं की पायाखालची जमीन बदलते. ऊबदार, भुसभुशीत, खाचखळग्यांची. वर बघून हा फरक पटकन कळत नाही, चालताना घोट्याला कळतो.

(एक खुलासा इथेच करतो. सह्याद्रीतली प्रत्येक उघडी जागा म्हणजे बिघडलेलं जंगल नव्हे. कासचं पठार किंवा झोळंबीचा सडा मुळातच उघडे आहेत, जांभ्यावर वितीभरसुद्धा माती नाही. तिथे खड्डे काढून झाडं लावणं म्हणजे चांगल्या गोष्टीची वाट लावणं.)

हा मजकूर मित्राला ऐकवला तर त्याने लगेच पकडलं, "म्हणजे झाड पडून जमीन उलथली तर छान, आणि जेसीबीने उलथली तर वाईट? माती ती मातीच ना?"

आक्षेप बरोबर आहे, आणि उत्तर 'निसर्ग चांगला, माणूस वाईट' असलं गुळमुळीत देऊन चालणार नाही. निसर्ग काही हळुवार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेत भूकंप झाला, जमिनीला भेगा पडल्या, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, घरंच्या घरं गाडली गेली. दरडसुद्धा जमीन उलथतेच, आणि तिच्या जागी वर्षानुवर्षं उघडा मुरूम राहतो.

फरक आहे तो हिशेबाचा. एक झाड एका वेळी एका खोलीएवढी जागा उलथतं. त्याच्या चारी बाजूंना जमीन शाबूत असते. तिथे बिया असतात, बुरशी असते, गांडुळं असतात, मुंग्या असतात. चार्ल्स डार्विनने १८८१ साली फक्त गांडुळांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडमध्ये एकरी वर्षाला सुमारे दहा टन माती ती वर आणतात असा अंदाज मांडला. आपल्याकडे यात वाळवी, रानडुक्कर आणि साळिंदराचीही भर. ही सगळी मंडळी शेजारून त्या खोलीत परत येतात. शिवाय पडलेलं झाड तिथेच राहतं, कुजून परत मातीत जातं. असं करत करत शतकांच्या, हजार वर्षांच्या हिशेबात सगळ्या जंगलाची जमीन उलथून होते, पण एकाच वेळी सगळी कधीच नाही. जेसीबी एका सकाळी तीन एकर सपाट करतो, वरची काळी माती ट्रॉलीत भरून जाते आणि परत येणाऱ्यांना यायला शेजारच उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार चालू सर्व्हरवरचा रोजचा छोटा बदल, दुसरा प्रकार डिस्क फॉरमॅट. आणि बॅकअप कोणी घेतलेलाच नाही.

हे सगळं मी जालावर वाचून गप्प बसलो असतो. पण गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मामेभावाचा फोन आला. राईचं सुशोभीकरण ठरलंय. मुंबईकर मंडळींनी वर्गणी जमवलीय, शिराळ्याकडच्या गावांत अर्ध्या घरातलं कोणी ना कोणी मुंबईत असतंच. देवळापुढे पत्र्याचा सभामंडप, भोवती पेव्हर ब्लॉक, खाचखळगे भरून सपाटीकरण, पडलेली जांभळ विकून येईल ती भर. आणि तुटलेल्या झाडांच्या बदल्यात दोनशे नवी झाडं. "तुझ्या कंपनीतनं रोपं मिळत्यात न्हवं? तेवढं बघ की."

मी गावी गेलो. देवळात बैठक होती. एक सांगतो, पोरांचं म्हणणं खोटं नव्हतं. यात्रेला पाऊस आला की बायकामाणसं चिखलात उभी राहतात. म्हाताऱ्यांना खड्ड्यातून जाता येत नाही. पाचोळ्यात साप निघतात. पुण्यात लिफ्टने वर जाणाऱ्याने गावाला 'खड्डे राहू द्या' सांगणं सोपं आहे, हे कोणीतरी तोंडावर ऐकवलंही. मी फ्रान्स आणि झेक वगैरे काही काढलं नाही. सगळ्यांना त्या आडव्या खोडापाशी घेऊन गेलो, फुटवे दाखवले, ढिगाऱ्यावरची रोपं दाखवली. मग विचारलं, राईच्या बाहेर गैरानात गेल्या दहा वर्षांत दोनदा लागवड झाली, त्यातली किती जगली? कोणी बोललं नाही. एक आजोबा म्हणाले, "हितं कुनी लावलं न्हाय, कुनी पानी घातलं न्हाय, तरी येतंय. तितं पानी घालून बी येत न्हाय." सगळा लेख त्यांनी दोन वाक्यांत संपवला.

शेवटी ठरलं ते असं. सभामंडप रस्त्याच्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षं गाड्या लागून जमीन आधीच टणक झालीय. देवळापर्यंत एक फरसबंदी पायवाट, कठडा धरून जाता येईल अशी. राईच्या आत सपाटीकरण नाही, जांभळ आहे तिथेच राहणार. दोनशे रोपं गावातल्या शाळेभोवती आणि रस्त्याकडेला. सगळंच वाचलं असं नाही. ओढ्याकडचा एक कोपरा बैठकीच्या आदल्या आठवड्यातच जेसीबीने साफ करून टाकला होता. असेल पाच-सहा गुंठे. तिथे आता सपाट तांबडी जमीन आहे, कडेने घाणेरी आलीय. मामा म्हणतात, "यील परत." मी म्हटलं, "मामा, तुमच्या हयातीत नाही, माझ्याही नाही." ते म्हणाले, "मग काय झालं? राई काय माझ्या बापानं लावलीवती?"

तर मित्राला माझं उत्तर हे. झाडं जरूर लावू, रस्त्याला लावू, शाळेत लावू, उघड्या पडलेल्या गैरानात लावू. पण ती लावलीत म्हणून जुन्या जंगलाची जमीन खणायला परवानगी मिळाली असा हिशेब कोणी मांडत असेल तर तो चुकीचा आहे. झाडाच्या बदल्यात झाड देता येतं. जमिनीच्या बदल्यात द्यायला आपल्याकडे काही नाही. पुढच्या वेळी एखाद्या देवराईत गेलात तर अर्धा तास खाली बघून चाला. कुठे विनाकारण खड्डा आणि त्याला लागून उंचवटा दिसला तर थांबा. तिथे कधीतरी एक मोठं झाड उभं होतं.

डिसेंबरमध्ये मी आणि मामेभावाने राईतल्या झाडांची मोजणी केली. शिंप्याची टेप, खडू आणि एक वही. छातीच्या उंचीवर वीतभरापेक्षा जास्त घेर असलेली ३१२ झाडं भरली. उंबराचा घेर मोजायला टेप पुरली नाही, दोरी लावावी लागली. यादी एक्सेलमध्ये घातलीय, एक प्रत मामांच्या कपाटात ठेवलीय. आडव्या जांभळीला नंबर १४७. 'जिवंत की मृत' या रकान्यात काय लिहायचं यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला, शेवटी 'जिवंत' लिहिलं. पुढची मोजणी २०३० च्या डिसेंबरात. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच सांगून ठेवा, राहायची सोय मामांकडे होईल.